मागच्या सीटमागची गिरणी

आवाज करत नाही, या एका गुणावर ती गाडी घरात आली होती.

ऋतुजाच्या घरी सव्वा वर्षाची मुक्ता होती आणि मुक्ताची झोप ही तापलेल्या तव्यावरच्या थेंबाएवढी टिकायची. ती झोपली की कुकर लावायचा नाही, खुर्ची ओढायची नाही, दारावरची बेल वाजवायची नाही (तशी पाटीच दाराला होती) आणि दयानंदला शिंक आली तर त्यानं गच्चीवर जाऊन शिंकून यायचं, असे त्या घरातले कायदे होते. दयानंद पॉलिटेक्निकात सिव्हिल शिकवायचा, त्यामुळे कायदे, पाट्या आणि गच्ची या तिन्ही गोष्टींबद्दल त्याला मुळात आदर होता. पण त्याची मोटारसायकल कायदा जुमानत नव्हती. ती गल्लीच्या तोंडाशी आली की इकडे पाळण्यात मुक्ता उठून बसायची.

म्हणून ती हायब्रीड घेतली. निम्मी पेट्रोलची, निम्मी बॅटरीची, आधी कुणीतरी तीन वर्षं वापरलेली. दयानंदनं जुन्या मालकाला एक्केचाळीस प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहून घेतली. ऋतुजानं एकच विचारला, "सुरू झाली की कळतं का?" मालक म्हणाला, "कळतच नाही मॅडम, तोच तर त्रास आहे." सौदा तिथंच ठरला.

दुसरं कारण अप्पा होते.

ऋतुजाचे वडील ग्यानोबा चौतीस वर्षं औसा डेपोत एस.टी.चे ड्रायव्हर होते. चौतीस वर्षांत एक अपघात नाही, एक मेमो नाही, फक्त एकदा एका म्हशीनं बसला धडक दिली होती आणि चौकशीत म्हैस दोषी ठरली होती. आता अप्पा एकोणसत्तर वर्षांचे होते आणि त्यांचं लायसन एकतीस डिसेंबरला संपत होतं. नवं होणार नव्हतं, कारण डोळ्यात काचबिंदू उतरला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आत्ता दिवसाउजेडी, सावकाश, दोन-चार किलोमीटर ठीक आहे काका. पण पुढच्या पाच वर्षांच्या सर्टिफिकेटवर मी सही करणार नाही." अप्पा वाद घालणारे नव्हते. त्यांनी फक्त दिवाळीत लेकीला विचारलं होतं, "तुझी गाडी एकदा चालवू का गं? लांब न्हाई. डेपो ते किल्ला. एक फेरी."

जन्मभर लोकांच्या गाड्या चालवलेल्या माणसानं घरातली गाडी कधी चालवली नव्हती, कारण घरात गाडी कधी नव्हतीच. ऋतुजा म्हणाली होती, "पंचवीस डिसेंबरच्या सुट्टीत आणतेच अप्पा."

आणि मग डिसेंबरात थंडी पडली.

विष्णुपुरीकडून धरणावरचं धुकं नांदेडच्या त्यांच्या वसाहतीत उतरायला लागलं, माणसं कानटोप्या घालून एकमेकांना ओळखेनाशी झाली, आणि एका सकाळी सव्वासहाला गाडीनं पहिला चमत्कार दाखवला. दयानंदनं बटण दाबलं. गाडी नेहमीसारखी गप्प. तो काच पुसायचं फडकं आणायला घरात गेला, ऋतुजा मुक्ताला घेऊन व्हरांड्यात उभी होती, गाडीत कुणी नव्हतं आणि गाडीजवळ कुणी नव्हतं. तेवढ्यात गाडी आपली आपणच घुर्रर्र करून सुरू झाली.

शेजारचे शिवशंकर काका तुळशीला पाणी घालत होते. ते निवृत्त तलाठी. त्यांनी तांब्या खाली ठेवला, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "सहा वाजून सतरा मिनिटं. लिहून ठेव बाई. पुढं उपयोगी पडतं."

"काय उपयोगी पडतं काका?"

"काय ते आत्ताच कसं सांगावं? पण नोंद असावी."

हा पहिला आवाज. दुसरा याच्याहून वाईट होता. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालली की मागच्या सीटमागून घूंऽऽ असं काहीतरी चालू व्हायचं. आधी बारीक, मग मोठं, मग इतकं मोठं की सीटमागं कुणी पिठाची गिरणी टाकली आहे आणि आता ज्वारीचा डबा रिकामा करणार आहे असं वाटावं. मुक्ता याच सीटवर झोपायची. गिरणी सुरू झाली की तिचे डोळे टक्क उघडायचे. ज्या गुणावर गाडी आणली होती तो गुण असा गेला.

इथं त्या सीटबद्दल थोडं सांगायला हवं. ऋतुजाची आई लक्ष्मीबाई, म्हणजे माय, हिनं नातीसाठी स्वतःच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून पाठवली होती. पाच पदरी, चांगली जड. थंडी सुरू झाली तशी फोनवर रोजची ताकीदही होती, "लेकराच्या कानाला वारं लागू देऊ नको. कान धरला की सगळं धरतंय." ऋतुजानं गोधडी मागच्या सीटवर अंथरली. अंथरताना तिच्या लक्षात आलं की सीटच्या बाजूला, अगदी कोपऱ्यात, तळहाताएवढी एक जाळी आहे आणि तिच्यापाशी वारं खेळतंय. बरोबर मुक्ताच्या कानाच्या रेषेत. गाडी बनवणाऱ्यांना लेकरंबाळं नसावीत, असं म्हणून तिनं गोधडीचं एक टोक त्या जाळीत गच्च कोंबलं, वरून मुक्ताचं झबलं कोंबलं आणि समाधानानं हात झटकले. नंतर कितीतरी दिवस तिला तेच हात झटकणं आठवत राहिलं.

गिरणी पहिल्यांदा वाजली त्या संध्याकाळी दयानंदनं अप्पांना फोन लावून फोन मागच्या सीटवर धरला. गिरणी पूर्ण भरात होती. पलीकडं अप्पांनी आधी नुसता आवाज ऐकून घेतला. ड्रायव्हर लोक आवाज ऐकताना बोलत नाहीत.

मग म्हणाले, "जावईबापू, हिचा कुठंतरी श्वास कोंडलाय. हवा कुठनं घेती ते बघा."

दयानंद हसला. वाईट हेतूनं नाही. विद्यार्थ्यानं पूल उलटा काढला तर हसायचा तसा. "मामा, ही डिझेलची गाडी नाही हो. हिचं तंत्र वेगळं असतं. मागं इंजिन नाहीच, हवा कशाला घेईल?"

"हाव, ते बी खरं हाय," अप्पा म्हणाले. "आमचं आपलं लेलँडपुरतं." आणि फोन मायकडं दिला.

ऋतुजा शेजारीच होती. तिनं ते हसू ऐकलं आणि त्यानंतरचं ते 'लेलँडपुरतं'ही ऐकलं. तिला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तेवढ्यात मुक्तानं तोंडात चावी घातली आणि बोलायचं राहून गेलं. आईपणात अशी कितीतरी वाक्यं चावीपायी राहून जातात.

आता वसाहतीत गोष्ट पसरली. पलीकडच्या घरातले हनीफभाई पंपाच्या जळक्या मोटारींची तार नव्यानं गुंडाळून द्यायचे, त्यांचं दुकान हायवेला होतं. ते हातातच पेचकस घेऊन आले. पेचकसाचं टोक बॉनेटला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. गल्लीतली चार माणसं श्वास रोखून उभी राहिली.

"सर, हे बेअरिंग हाय," हनीफभाई म्हणाले. "अल्ला कसम, सतरा हजार मोटारी खोलल्या मी."

"पण आवाज मागून येतोय, तुम्ही पुढं ऐकून राहिलात," ऋतुजा म्हणाली.

"ताई, दर्द गुडघ्यात असला तरी नस कमरेत असती."

शिवशंकर काकांचं मत घूस असं होतं. बॅटरीच्या उबेला घूस येते, तिथं पिल्लं घालते आणि सकाळी थंडीनं पिल्लं ओरडतात. "पिल्लं घूं असं ओरडतात?" दयानंदनं विचारलं. "तुम्ही घुशीची पिल्लं ऐकलीत का?" काकांनी विचारलं. दयानंदनं ऐकली नव्हती. तलाठ्यासमोर पुराव्याशिवाय उभं राहिलं की असंच होतं. त्या रात्री गाडीभोवती चार कोपऱ्यांवर शेंगदाणे मांडले गेले. सकाळी तीन कोपऱ्यांवरचे जागच्या जागी होते आणि चौथ्यावरचे काकांच्या कोंबड्यानं खाल्ले. काकांनी हाही पुरावाच धरला, पण कशाचा ते सांगितलं नाही.

एकट्या गौसियानं शहाणपणाचं विचारलं. ती हनीफभाईंची बायको. ऋतुजा शाळेत शिकवायला गेली की मुक्ता तिच्याकडंच असायची. "बाजी, गाडीसोबत एक जाडं पुस्तक आलं होतं ना? त्यात न्हाई का काही?"

"ते वाचलंय यांनी," ऋतुजा म्हणाली.

दयानंदनं ते वाचलं नव्हतं. त्यानं एक्केचाळीस प्रश्न स्वतः काढले होते, त्यामुळे पुस्तकाची गरज आहे असं त्याला वाटलं नव्हतं. पण बायकोनं चारचौघांत 'वाचलंय' म्हटल्यावर आता उघडून बसणं शोभलं नसतं. पुस्तक समोरच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं तसंच राहिलं.

नांदेडच्या वर्कशॉपमधल्या माणसानं गाडीकडं लांबूनच बघितलं, जसं दुसऱ्याच्या आजारी बापाकडं बघतात. "हायब्रीडचं काम लातूरला. तिथं बसवराज सर हायत. त्यांनी कोर्स केलाय."

ठरलं. चोवीसला सकाळी निघायचं, लातूरला बसवराज सरांना गाडी दाखवायची, संध्याकाळपर्यंत औशाला पोचायचं आणि पंचवीसला अप्पा फेरी मारणार. ऋतुजानं फोन करून सांगितलं. माय म्हणाली, "त्यांनी कालच शर्ट इस्त्रीला दिलाय."

लोहा मागं गेलं, अहमदपूर आलं. गिरणी इमानेइतबारे दळत होती. चाकूरपाशी चहाला थांबले तेव्हा टपरीवाल्यानं विचारलं, "मागं काय घेऊन चाललात, कडबा कुट्टीचं मशीन?" दयानंदनं अर्धा चहा टाकून दिला.

आणि लातूरच्या वर्कशॉपमध्ये गाडी गप्प झाली. दुपारचा एक वाजलेला, ऊन छान पडलेलं. ऋतुजानं मुक्ताला उचललं, सीटवरची गोधडी झबल्यासकट काढून तिच्या अंगाभोवती गुंडाळली आणि ती वेटिंग हॉलमध्ये बसली. बसवराज सर गाडीतून एक चक्कर मारून आले. तिशीतला शांत माणूस. म्हणाले, "सर, आवाज न्हाई हो."

"आत्ता नाही. पण असतो."

"कसा असतो?"

दयानंदनं सांगायचा प्रयत्न केला. बसवराज सर कॉम्प्युटरवर तक्रार भरत होते आणि कॉम्प्युटरला आवाजांचे सहाच प्रकार माहीत होते. खडखड, किरकिर, शिट्टी, ठोके, घासणे आणि इतर. 'इतर' घेतलं की तो आवाजाची क्लिप मागत होता. क्लिप नव्हती. वसाहतीतल्या सगळ्यांनी आवाज ऐकला होता, अप्पांना फोनवर ऐकवला होता, पण मोबाईलवर साठवून ठेवायचं कुणालाही सुचलं नव्हतं, नोंदीची आवड असलेल्या काकांनासुद्धा नाही.

"मग तुम्हीच काढून दाखवा सर," बसवराज म्हणाले. "पुढं जायचं न्हाई त्याच्याबिगर."

आणि ज्याच्या वर्गात पोरं चुळबुळ करत नाहीत तो प्राध्यापक दयानंद, नऊ अनोळखी गिऱ्हाइकांसमोर, बसवराजांच्या मोबाईलपुढं वाकून म्हणाला, "घूंऽऽऽऽ."

मुक्ता खदखदून हसली. तिला बापाचा हा गुण नवीन होता. तिनं टाळ्या वाजवून पुन्हा मागितलं. बसवराजांनीही पुन्हा मागितलं, कारण पहिल्या वेळी मागं कुणाचा तरी फोन वाजला होता. तिसऱ्या वेळी एका गिऱ्हाइकानं सुचवलं की थोडं नाकातून काढा. क्लिप हेड ऑफिसला गेली. दोन दिवसांनी उत्तर आलं की सदर आवाज कंपनीच्या कोणत्याही वाहनाशी जुळत नाही.

"गाडी ठेवून जा," बसवराज त्या दुपारी म्हणाले. "सकाळच्या थंडीत सुरू करून बघतो. दोन दिवस निरीक्षणाखाली ठेवू."

तिथून औसा वीस किलोमीटर होतं. दर पंधरा मिनिटाला बस होती. ऋतुजानं मनात म्हटलं, जाऊ या का तसंच? पण मुक्ताचं नाक वाहायला लागलं होतं, दयानंदचं मन दुखावलं होतं, त्याला परीक्षेची ड्यूटी होती, आणि खरं कारण वेगळंच होतं. इस्त्रीचा शर्ट घालून बसलेल्या माणसासमोर गाडीशिवाय जायची तिला लाज वाटली. तिनं फोन केला. "अप्पा, दोन दिवसांनी थेट गाडी घेऊनच येतो."

"येऊ द्या. गाडी बरी होऊ दे," अप्पा म्हणाले. "घाई न्हाई."

चौतीस वर्षं वेळापत्रकावर जगलेला माणूस घाई नाही म्हणाला आणि तिनं ते खरं मानलं. बसमध्ये गोधडीत गुंडाळलेल्या मुक्ताला मांडीवर घेऊन ती नांदेडला परत आली.

मग दिवस कसे गेले ते लिहायलाही कंटाळा यावा. सव्वीसला बसवराज रजेवर होते. सत्तावीसला त्यांनी सकाळी येऊन ऐकायचं ठरवलं, पण गेटची चावी असलेला माणूस दहाला आला, तोवर ऊन आलं होतं. अठ्ठावीस रविवार. एकोणतीसला भल्या सकाळी गाडी सुरू केली, तेव्हा पहिला आवाज सापडला. थंडीत इंजिन स्वतःला ऊब आणायला आपोआप सुरू होतं, ती तिची रीतच आहे, असं बसवराजांनी फोनवर सांगितलं. "आपण नाही का सकाळी हात चोळत, तसंच हो." पण दुसरा आवाज, सीटमागची गिरणी, काही केल्या येईना. तीसला गाडी औसा रोडनं चाळीस किलोमीटर फिरवली. नाही. ऋतुजानं हात जोडून सांगितलं, द्या तशीच. तर कॉम्प्युटरवर तक्रार उघडी होती, ती कारण लिहिल्याशिवाय बंद होत नव्हती, आणि कारण सापडलं नव्हतं. बंद न झालेल्या तक्रारीची गाडी गेटाबाहेर जात नव्हती. एकतीसला वर्कशॉपमध्ये वर्षअखेरची मोजदाद होती.

एकतीसच्या संध्याकाळी ऋतुजा वह्या तपासत बसली होती. पाच वाजले, साडेपाच झाले. सूर्य गेला. डॉक्टर दिवसाउजेडी म्हणाले होते. तिनं लाल पेन बंद केलं आणि औशाला फोन लावला. मायनं उचलला.

"अप्पा कुठं गेलेत?"

"गेले होते लातूरला, सकाळच्याच बसनं. आत्ता आले. झोपलेत."

"लातूरला कशाला?"

"कुणाला ठावं. मला काय सांगतेत का ते."

चार तारखेच्या रविवारी गाडी मिळाली. वर्कशॉपनं कारणाच्या रकान्यात 'आवाज आढळला नाही, ग्राहकाचे समाधान झाले' असं लिहून तक्रार बंद केली होती. ऋतुजानं ग्राहकाच्या समाधानाखाली सही केली.

चावी देताना बसवराज म्हणाले, "मॅडम, एकतीसला एक म्हातारबा आले होते. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट. खिशातनं लायसन काढून दाखवलं, म्हणाले नांदेडच्या पाहुण्यांची गाडी बघायची. चालवायला द्या म्हणले न्हाईत, पण मला वाटलं मनात असावं. आम्हाला मालकाच्या सहीबिगर देता येत न्हाई हो. तुम्हाला फोन लावतो म्हणलं, तर नको म्हणले, पोरगी शाळेत असंल. मग मी सुरू करून दिली. बॉनेटपाशी, मागं, सगळीकडनं कान देऊन उभे राहिले. अर्धा घंटा. जाताना म्हणले, ही ठणठणीत हाय. आजार हिच्यात न्हाई, बाहेरून घातलेला हाय."

दयानंदनं गाडीच्या आरशात बघून केस सारखे केले. ऋतुजानं मागच्या सीटवर गोधडी अंथरली, टोक नेहमीच्या जाळीत कोंबलं, वरून झबलं कोंबलं, मुक्ताला निजवलं. हात आपोआप चालत होते. मन लातूरच्या त्या गेटापाशी, पांढऱ्या शर्टाशेजारी उभं होतं.

पंधरा किलोमीटर झाले आणि घूंऽऽ.

दयानंदनं स्टिअरिंगवर कपाळ टेकायचंच बाकी ठेवलं. "अकरा दिवस," तो म्हणाला. "अकरा दिवस हिनं त्यांच्याकडं तोंड उघडलं नाही." औशात शिरताना गिरणी एवढी भरात होती की चौकातला हवालदार वळून बघत राहिला. घरासमोर गाडी उभी राहिली तशी अप्पा बाहेर आले. स्वेटर, मफलर. त्यांनी ना नातीकडं बघितलं, ना जावयाकडं. हातानंच 'बंद करू नका' अशी खूण केली आणि मागचं दार उघडून सीटवर बसले.

ते आधी डोळे मिटून बसले. मग हात सीटच्या कडेनं सरकवत नेला, कोपऱ्यात थांबला. त्यांनी मुक्ताला अलगद उचलून ऋतुजाकडं दिलं. झबलं ओढून काढलं. मग गोधडीचं टोक ओढलं. ते इतकं गच्च बसलं होतं की दोन हात लावावे लागले.

दोन-तीन मिनिटांत आवाज आधी बसला, मग बारीक झाला, मग गेला. समोरच्या पिंपळावर कावळा होता, त्याचाच तेवढा ऐकू येत राहिला.

"हितनं हवा घेती बघा," अप्पा म्हणाले. "बॅटरीला गार करायला. तोंड दाबलं की ती बी वरडणारच."

माय दारात उभी होती. "मीच म्हणलं होतं वारं लागू देऊ नको," ती हळूच म्हणाली. "मला काय ठावं गाडीला बी नाक असतंय."

दयानंदनं समोरचा खण उघडला, पिशवीतून पुस्तक काढलं आणि पहिल्यांदाच चाळलं. सापडलं. जाळीचं चित्र होतं, त्यावर उशी आणि कपडे काढलेले होते आणि त्यावर लाल फुली होती. त्यानं पान दुमडलं नाही, कुणाला दाखवलं नाही. फक्त सासऱ्याजवळ जाऊन म्हणाला, "मामा, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"न्हाई हो, आपलं अंदाजानं," अप्पा म्हणाले आणि जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. माफ करतानाही समोरच्याला कळू द्यायचं नाही, ही त्यांची जुनी खोड होती.

ऋतुजाच्या कडेवर मुक्ता होती. तिला डोळे पुसायला एक हातच मोकळा होता, तोही पुरला नाही. "अप्पा, चला," ती म्हणाली. "मारा एक फेरी. रविवार आहे, रस्ता मोकळा आहे. कोण विचारतंय?"

अप्पांनी खिशातून लायसन काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं, तेही. त्यांनी ते लांब धरून वाचलं, जसं काही तारीख बदललेली असेल.

"चौतीस वर्षं कुणी विचारलं न्हाई, तवा बी खिशात होतं," ते म्हणाले. "आता खिशात असून उपयोग न्हाई. तू चालव."

"मी फक्त शाळेपर्यंत चालवते."

"मग आज किल्ल्यापर्यंत चालव. मी हाय की."

त्यांनी मफलर नीट केला, डावीकडच्या सीटवर बसले. माय आणि मुक्ता मागं बसल्या. गोधडी मायनं आपल्या दोघींच्या अंगावर घेतली, जाळीपासून हातभर लांब. दयानंद गेटापाशीच थांबला. पुस्तक वाचायचं आहे म्हणाला.

आधी डेपोपर्यंत गेले. तिथून फेरी सुरू करायची असा अप्पांचा नियम. डेपोच्या गेटासमोर ऋतुजा थांबली. गाडी गप्प होती. चालू आहे की बंद, काही कळत नव्हतं. ती निघायला गेली तर अप्पांनी हात वर केला.

"थांब. बेल झाल्याबिगर गाडी हलवायची नसती."

आणि त्यांनी बोटाच्या पेरानं डॅशबोर्डवर दोनदा वाजवलं. टक, टक. डबल बेल, कंडक्टरची. निघा.

ऋतुजा निघाली. रस्ता अरुंद होता, उसाचा एक ट्रॅक्टर, दोन सायकली, एक निवांत बैल. ती इतकी सावकाश चालवत होती की सायकली पुढं गेल्या. अप्पा काही सूचना देत नव्हते. समोर बघत होते. बाजूचं त्यांना दिसत नव्हतंच. मग एका वळणावर तिचं लक्ष त्यांच्या हातांकडं गेलं. ते गुडघ्यांवर होते, आणि ती वळवायच्या आधी किंचित, अगदी श्वासाएवढं आधी, वळत होते. पुढच्या वळणालाही. त्याच्या पुढच्या वळणालाही. तिनं मग रस्त्याकडं बघणं न सोडता त्या हातांच्या मागोमाग स्टिअरिंग फिरवायला सुरुवात केली. फेरी कुणाची झाली ते नंतर तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

किल्ला दिसायला लागला. इंजिन आपोआप सुरू झालं, घुर्रर्र करून. "झाली बघ जागी," अप्पा म्हणाले. मागं मुक्ता झोपली होती, ती उठली नाही.

किल्ल्याचा दरवाजा आला. ऋतुजानं वेग कमी केला आणि वाट बघितली. थांबायचं असेल तर एक बेल असते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. अप्पांचं बोट डॅशबोर्डपाशी गेलं. तिथंच राहिलं. वाजलं नाही.

दरवाजा मागं गेला. ती चालवत राहिली.